सुरक्षित व कोरड्या ठिकाणी

प्रवासाची हकिकत सांगण्यापूर्वी तारखा नोंदवतो. ज्या पाड्यावर मी जाऊन आलो तिथे दिवस सणांनी ओळखले जातात. त्यामुळे मीही तसेच लिहितो.

होळीचा आठवडा. यमुनाच्या डाव्या स्तनात गाठ लागली. शहरातील ज्या डॉक्टरांनी हात न लावता, खुर्चीतून न उठता, "मूल अंगावर पितंय, दुधाची गाठ आहे, जिरेल" असे सांगितले, ते जबाबदार क्रमांक एक.

मृगाचा पहिला आठवडा. गाठीचा तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला. एक चाचणी अनिर्णित राहिली. ती दुसऱ्या प्रयोगशाळेत करून घेण्यासाठी तुकडा असलेला मेणाचा ठोकळा यमुनाच्या नवऱ्याच्या हाती देऊन, "अहवाल पूर्ण झाला की या, मग उपचार ठरवू" एवढेच खिडकीतून सांगणारे रुग्णालयाचे कर्मचारी, जबाबदार क्रमांक दोन.

नागपंचमी. मला कळले. दुसऱ्या दिवशी मी पहिले पत्र लिहिले.

पितृपक्ष. माझ्या चौथ्या पत्राला, "आपला अर्ज संबंधित विभागाकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे" असे कळवून मोकळे झालेले अधिकारी, जबाबदार क्रमांक तीन.

वाघबारशीचा, म्हणजे आपल्या वसुबारसेचा, आदला दिवस. मी स्वतः निघालो. चौथा जबाबदार कोण, हे त्या दिवशी मला ठाऊक नव्हते.

पहिल्या तिघांची नावे इथे लिहीत नाही. ती माझ्या अर्जांत आहेत आणि अर्ज प्रलंबित आहेत.

जव्हार

यमुना आमच्या ठाण्याच्या घरी चार वर्षे धुणीभांडी करीत असे. पाऊस सुरू झाला की नवऱ्यासह आवणीसाठी, म्हणजे भातलावणीसाठी, गावी जायची आणि भात-नागली घरात आली की परत यायची. तिच्यात काही बिघडले आहे हे प्रथम माझ्या पत्नीने, मालतीने, ओळखले. भांडी घासताना यमुना डावा हात अंगापासून दूर धरते, हे मालतीच्या नजरेने टिपले. अकरा वर्षांपूर्वी मालतीही तसाच हात धरीत असे.

मालतीचा तो आजार आणि यमुनाचा आजार एकच. मालतीच्या बाबतीत मात्र ती चाचणी आठ दिवसांत झाली, औषध मिळाले आणि ती आज माझ्यावर रागावण्याइतकी धडधाकट आहे. नागपंचमीला कर्करोग निघाल्याचे आणि ठोकळा घरीच असल्याचे सांगायला यमुनाचा फोन आला, त्याच संध्याकाळी मालती मला म्हणाली होती, "अहो, तुम्ही जा. ठोकळा घेऊन या. माझे गुडघे असते तर मीच गेले असते." मी म्हणालो, आधी लेखी विचारणा करू, उत्तर आले की पुढचे पाऊल. चौतीस वर्षे न्यायालयात नोकरी करून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस दुसरे काय म्हणणार? मालती म्हणाली, "बसा मग पत्रं लिहीत." मी बसलो. नागपंचमी ते वाघबारस.

जव्हारला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. घाट चढताना दोन्ही बाजूंच्या उतारांवर खुरासणीची पिवळी फुले होती, आणि कापलेल्या भाताच्या खाचरांतून ओल अजून चमकत होती. स्थानकाजवळच्या खाणावळीत भात, उडदाची आमटी आणि सुकटीची चटणी मिळाली. चटणी तिखट होती आणि चांगली होती. चांगली लागली याचीच मला लाज वाटली. त्या खेपेला मी सुखासाठी आलो नव्हतो.

मोखाड्याची शेवटची गाडी गेलेली असल्याने मुक्काम करावा लागला. उरलेल्या उजेडात शिरपामाळापर्यंत चालत गेलो. छत्रपतींचा मुक्काम इथे पडला होता असे सांगतात. मंडळी फोटो काढीत होती. मी एका दगडावर बसून दुसऱ्या दिवशी करायच्या कामांची यादी केली: ठोकळा ताब्यात घेणे, पोचपावती देणे, त्यावर चिठ्ठी लावणे, 'निशाणी क्र. १'. न्यायालयात पुराव्याच्या वस्तूला निशाणी म्हणतात. तो शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. घरोघरी त्याचा अर्थ दुसराच असतो, हे मला कधी सुचले नव्हते.

मोखाडा

सकाळी जीपमध्ये मागच्या बाकड्यावर बारा माणसे, दोन कोंबड्या आणि माझी फाईल. आमच्याकडे जीप भरली असे आम्ही जेव्हा म्हणतो, तेव्हा इथे ती भरायला सुरुवात होते. मोखाड्याच्या अलीकडच्या वळणावर मागचे दार उघडले आणि फाईल रस्त्यावर पडली. वाऱ्याने तीन महिन्यांचा पत्रव्यवहार घाटात पसरला. मी ओरडलो. चालकाने गाडी थांबवली आणि सगळे प्रवासी, कोंबड्या सोडून, कागद गोळा करायला उतरले.

"बाबा, जमिनीचा दावा हाय का?" एका बाईने माझ्या हाती तीन पाने देत विचारले.

"नाही."

"मंग येवढा कागूद?" ती थक्क झाली. "आमचा वनपट्ट्याचा दावा सोळा वर्सं चाललाय, त्याचा बी येवढा नाय झाला."

"एका बाईच्या आजाराचा आहे," मी म्हणालो.

"कागदानं बरी होते का ती?" पुढच्या बाकावरचा म्हातारा खरेच माहिती हवी म्हणून विचारीत होता. टोमणा असता तर मी उत्तर दिले असते.

एक पान सापडले नाही. कोणते, ते मी मोखाड्याला चहाच्या टपरीवर सगळी चळत लावून पाहिले: रुग्णालयाच्या अहवालाची प्रत. सुदैवाने मजकूर मला पाठ होता. गाठीच्या पेशींवर वाढीच्या घटकाचे ग्राहक, म्हणजे वाढीचा निरोप आत घेणारे रेणू, किती आहेत, याची ती चाचणी. शून्य किंवा एक अधिक आले तर नाही. तीन अधिक आले तर आहे, आणि त्यावर खास औषध आहे. यमुनाचे आले होते दोन अधिक. दोन अधिक म्हणजे सांगता येत नाही. त्याच तुकड्यावर आणखी एक चाचणी करा. कायद्याच्या भाषेत, निकाल राखून ठेवला.

खोडाळ्यापलीकडचा पाडा

खोडाळ्याला किसन, यमुनाचा नवरा, बाजारात उभा होता. ठाण्यात हा गवंड्याच्या हाताखाली काम करतो आणि माझ्याशी हिंदी मिसळून बोलतो. इथे त्याने फक्त माझी पिशवी उचलली आणि पुढे चालू लागला. बांधावरून पाऊण तास. नागलीची कणसे कापून झाली होती, काही खळ्यांवर झोडणी चालू होती. पाड्यावर वाघबारशीची लगबग होती. गुराखी पोरे घरोघर फिरत होती आणि कुठेतरी करांदे, इकडचे रानकंद, उकडल्याचा वास येत होता.

घर कुडाचे, शेणाने सारवलेले. यमुना ओटीवर गोधडीवर टेकून बसली होती. मी तिला ओळखले ते केवळ तिने मला ओळखले म्हणून.

"आलास आजोबा? आजी नाय आली?"

चार वर्षे माझ्या घरात ती मला 'तुम्ही' म्हणत होती. इथे सगळे सगळ्यांना 'तू' म्हणतात, देवालाही आणि तलाठ्यालाही. तिच्या उंबऱ्यावर मी तिचा पाहुणा होतो, साहेब नव्हतो.

"तिचे गुडघे दुखतात," मी म्हणालो.

"आन् तुझं पाय बरं हायेत. तरी येवढा उशीर?"

ती हसत होती. हसता हसता खोकली आणि बराच वेळ खोकत राहिली. तिची सासू आतून आली, पाठीवर हात फिरवला आणि माझ्यापुढे पितळेच्या ताटलीत करांदे आणि काकडीचे काप ठेवले. "खा बाबा. सणाचं हाय."

मी खात असताना आशाताई आली. पाड्यावर औषधे वाटणारी, गरोदर बायांना दवाखान्यात नेणारी, सातवी-आठवी शिकलेली पंचविशीतली मुलगी. कार्यालयांबरोबर मी यमुनालाही लिहीत असे; ती पत्रे तीच या घरात वाचून दाखवीत असे. तिने मला नमस्कार केला, तो मोठ्या साहेबाला करावा तसा.

"सर, तुमचं एकेक पत्र मी दोनदा वाचायचे," ती म्हणाली. "अवघड शब्द असायचे. 'सदर' म्हणजे काय ते मी शिक्षकांना विचारून आले."

यमुनाने मला विचारले, तो तुकडा एवढा महत्त्वाचा कशासाठी. रुग्णालयात तिला कोणी सांगितले नव्हते. मी जे मालतीच्या वेळी शिकलो होतो ते सांगू लागलो. मुलगी वयात येते तेव्हा छातीतल्या पेशींना निरोप जातो, वाढा. दिवस गेले की पुन्हा जातो, दूध येण्यासाठी वाढा. काम झाले की निरोप थांबतो आणि पेशी थांबतात. प्रत्येक पेशीला हा निरोप घेण्यासाठी बाहेरच्या बाजूला जणू एक पत्रपेटी असते. काही कर्करोगांत पेशीवर अशा पेट्या बेसुमार होतात. मग पेशीला सतत एकच हुकूम ऐकू येतो, वाढ, वाढ, वाढ. औषध त्या पेटीच्या तोंडावर बसते आणि निरोप आत जाऊ देत नाही. मात्र पेट्या खरोखर जास्त असतील तरच औषधाचा उपयोग. तेच त्या तुकड्यावर तपासायचे आहे.

यमुनाने नीट ऐकले. मग म्हणाली, "म्हंजे तुझ्यासारखाच की कोणी बसलाय आत. पत्रावर पत्र, पत्रावर पत्र."

सासू, किसन, आशाताई, सगळे हसले. मीही हसलो. त्या घरात मी हसलो तो तो शेवटचा प्रसंग.

"ठोकळा आणा," मी किसनला म्हणालो.

तो आत गेला. मी मागोमाग गेलो. घरात एकच चूल, आणि चुलीच्या बरोबर वर, हात उंचावला तर लागेल एवढ्या उंचीवर, बांबूचा माळा बांधलेला. त्यावर टोपल्या होत्या. पुढच्या सालाचे नागलीचे, वरईचे, भाताचे बियाणे. धुराने काळ्याभोर झालेल्या टोपल्या. किसन त्या माळ्यावर हात घालून चाचपू लागला.

मी विचारले, "तिथे ठेवलाय?"

"मंग कठं ठेवनार?" सासूने उत्तर दिले. तिच्या आवाजात अभिमान होता. "बियानाच्या मधी ठेवलाय. पावसात सारं घर गळतं बाबा, भित्तींना बुरशी येते. माळ्यावर नाय पानी, नाय कीड, नाय उंदीर. नवं बियानं ठेवायला चढलो तरी त्याला हात नाय लावला."

आशाताई दारात उभी होती. तिने पाठ म्हणून दाखवावे तसे म्हटले, "'सदर ठोकळा घरातील सर्वाधिक सुरक्षित व कोरड्या ठिकाणी, उंदीर-घुशींपासून दूर, अत्यंत जपून ठेवावा. तो महत्त्वाचा पुरावा आहे.' तसंच सांगितलं मी यांना, सर."

वाक्य माझे होते. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीच्या पत्रातील परिच्छेद तीन. त्याआधी तो ठोकळा किसनच्या शर्टाच्या खिशात, खुंटीवर, ओटीच्या गार भिंतीला होता.

किसनने फडक्याची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. फडके कडक झाले होते, कारण मेण वितळून त्यात मुरले आणि पुन्हा थिजले होते. असे कितीदा झाले असेल? पावसाळ्यात इथे चूल दिवसभर विझत नाही. प्लॅस्टिकची लहान चौकट वाकडी झाली होती. तिच्या कोपऱ्यात मसुरीच्या डाळीएवढे काहीतरी तपकिरी, सुरकुतलेले चिकटले होते. त्याला धुराचा वास येत होता.

चौतीस वर्षांत मी हजारो आदेश टंकलिखित करवून घेतले. त्यांतल्या एकाचेही पालन इतक्या काटेकोरपणे झाले नाही.

मी चुलीपाशीच बसलो. "चूक माझी आहे," मी म्हणालो.

"चूक कशी?" सासू गोंधळली. "पत्र तर बराबर व्हतं."

आशाताईला कळले. तिने ओढणी तोंडाला लावली. मी तिला तिथेच सांगितले आणि इथे पुन्हा लेखी नमूद करतो: तिचा यत्किंचितही दोष नाही. जे लिहिले होते तेच तिने वाचले.

बाहेरून यमुनाने हाक मारली, "सापडला का?"

मी पुरचुंडी घेऊन ओटीवर तिच्यासमोर जाऊन बसलो.

परत

परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी आणि मालती त्या ठोकळ्यासह शहरातील एका प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तो उजेडात धरला, फिरवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "काका, हा शिजलाय." यावर आता काही तपासता येणार नाही, ताजा तुकडा घ्यावा लागेल. मालतीने त्यांच्याच टेबलावरून किसनला फोन लावला. किसनने तो यमुनाच्या कानाला धरला.

"आजी," ती मालतीला म्हणाली, "माझा येक तुकडा दिला व्हता. येवढ्या मोठ्या दवाखान्याला नाय सांभाळता आला, आजोबाच्या पत्राला नाय, माझ्या घराला बी नाय. दुसरा कोनाला देऊ?"

मालतीने तिला समजावले. तिने ऐकले. दिवाळीनंतर किसन तिला घेऊन आलाही. आम्ही सोबत गेलो. रुग्णालयातल्या डॉक्टर बाई चांगल्या होत्या, खुर्चीतून उठल्या, हात लावून तपासले. त्या म्हणाल्या, आधी फुप्फुसातले पाणी काढू, अंगात थोडा जीव येऊ दे, मग तुकडा घेऊ. जीव आला नाही. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, मालती पूजेची मांडणी करीत असताना, किसनचा फोन आला. यमुना चौतीस वर्षांची होती. माझ्या नोकरीएवढी.

बाराव्याला मी पुन्हा जव्हार, मोखाडा, खोडाळा असा गेलो. तोच रस्ता. खुरासणी काढून झाली होती आणि डोंगर तांबडे पडले होते. जीपमध्ये या वेळी फाईल नव्हती, तर जागा ऐसपैस वाटली. खिशात फक्त तो ठोकळा होता, सासूने किसनकरवी निरोप धाडला होता, "ते तिचं हाय. ते परत आन."

कायद्याच्या दृष्टीने मी तो देऊ नये असे माझे मन मला सांगत होते. प्रकरण चालायचे आहे. पण प्रकरण काय चालणार? तुकडा शाबूत असता आणि चाचणी 'आहे' अशी आली असती, तर औषध होते आणि ते दिले नाही, असे मी सिद्ध करू शकलो असतो. आता कोणीही वकील उठून विचारील, औषध लागू पडले असते कशावरून? आणि मी काय उत्तर देईन? पुरावा मीच, माझ्या सहीनिशी, चुलीवर ठेवायला लावला.

सासूने ठोकळा हातात घेतला, उलटसुलट पाहिला. माझी चिठ्ठी अजून त्यावर होती. आशाताईने ती वाचून दाखवली, "निशाणी क्रमांक एक."

"हां," म्हातारी म्हणाली. "तिची निशानी."

तिने तो पदरात बांधला. यमुनाला जिथे मातीत ठेवले होते तिथे आम्ही गेलो. किसनने पहारीने वीतभर खड्डा केला, म्हातारीने ठोकळा त्यात ठेवला आणि वरून मूठभर नागलीचे दाणे टाकले. ते त्याच माळ्यावरचे, त्याच टोपलीतले होते. यमुनाचा मुलगा, जो अंगावर पीत होता म्हणून त्या गाठीला दुधाची म्हटले गेले, तो किसनच्या खांद्यावर झोपला होता. मी पोचपावती मागितली नाही. आयुष्यात प्रथमच मी एक निशाणी पावतीविना हातची जाऊ दिली.

आता चौथ्या जबाबदाराचे नाव वाचकांना कळले आहे. माझे उत्तर मी त्याच दिवशी, पाड्यावरच्या माणसांसमोर उभा राहून दिले: मी जायला हवे होते आणि मी पत्र लिहिले, कोरडे म्हणजे त्या घरात कुठे, हे मी विचारले नाही, गार जागी ठेवा एवढे मी लिहिले नाही. लोकांनी ऐकून घेतले. एका म्हाताऱ्याने विचारले, "बाकीचं तीन जन कधी येनार?"

तोच प्रश्न मी येथे जाहीरपणे विचारतो. ज्यांनी हात न लावता दुधाची गाठ म्हटले, ज्यांनी माणसाच्या देहाचा तुकडा मजुराच्या हाती देताना त्याची काळजी कशी घ्यावी हे सांगितले नाही, ज्यांनी माझा अर्ज पुढच्या टेबलावर सरकवला, त्या तिघांनी खोडाळ्यापलीकडच्या त्या पाड्याच्या ग्रामसभेत यावे. जीप मिळते. पुढे पाऊण तास चालावे लागते, आणि तिथे सगळ्यांना 'तू' म्हणतात याची तयारी ठेवावी. यमुनाच्या सासूसमोर उभे राहून, तिला समजेल अशा भाषेत, तोंडी उत्तर द्यावे.

उत्तर पत्राने पाठवू नये. पाठवले तर त्या घरात पत्रे ठेवायची जागा ठरलेली आहे, आणि ती चुलीच्या वर आहे.